‘समजलं का?’ हा प्रश्न आधी बंद करा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

‘सहावी-सातवीला भाषा शिकवते. काही मुलं वर्गात, काही घरून ऑनलाइन, आणि दोन्ही एकाच तासाला. उतारा मुलांकडून आळीपाळीने मोठ्याने वाचून घेते, मग प्रश्न विचारते. “समजलं का?” म्हटलं की पडद्यावर पटापट अंगठे येतात, वहीत मात्र उताऱ्यातलीच वाक्यं उचललेली असतात. काहींची उत्तरं तर इतकी सफाईदार असतात, की ती त्या मुलाची नाहीत हे कोणीही सांगेल. घरची मुलं बोलत नाहीत, वर्गातली थांबत नाहीत. कॅमेरे चालू ठेवायची सक्ती करा, असं आमच्याकडे वरून सांगतात. तासाचं रेकॉर्डिंगही रोज पाठवायचं का? नेमकं काय बदलू?
– दोन वर्गांत अडकलेली एक बाई’

ताई,

तुमच्या पत्रातल्या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी मला त्यांचं मूळ एकच दिसतं. सगळी मुलं समोर होती तेव्हा त्यांना उतारा समजला की नाही, हे तुम्हाला प्रश्नांच्या उत्तरांतून कळत नव्हतंच. ते चेहऱ्यांवरून कळत होतं. कोणाचं बोट ओळीवरून घसरलं, कोण शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावलं, कोणाच्या कपाळाला आठी पडली, हे बघत बघत कुठे थांबायचं आणि कुठलं वाक्य पुन्हा वाचायचं ते तुम्ही ठरवत होतात. पडद्याने ते सगळं काढून घेतलं आणि हातात उरला फक्त तोंडी प्रश्न. त्यामुळे माझं सांगणं असं: मुलं वाचत असतानाच त्यांना काय समजतंय ते लिहिलेलं किंवा बोललेलं तुमच्यासमोर येईल, अशी तासाची रचना करा. कॅमेरा, ॲप, रेकॉर्डिंग हे सगळं त्यानंतर.

‘समजलं का?’ हा प्रश्न तर आजपासूनच सोडा. मुलं खोटं बोलतात म्हणून नव्हे. आपल्याला समजलेलं नाही हेच पुष्कळदा मुलांच्या लक्षात येत नाही, म्हणून. एलन मार्कमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मुलांना मुद्दाम परस्परविरोधी वाक्यं असलेले छोटे उतारे ऐकवले होते. प्राथमिक शाळेतल्या बऱ्याच मुलांना त्यातली विसंगती जाणवलीच नाही, मोठ्या वर्गांतल्यांनाही नाही. अंगठा पाठवणारं मूल प्रामाणिकपणेच पाठवत असतं.

आणि हा दोष ऑनलाइनने आणला, असंही समजू नका. अमेरिकेतल्या वाचन-संशोधक डोलोरेस डर्किन यांनी चौथीच्या वर्गांत बसून वाचनाचे तास पाहिले, त्याचे निष्कर्ष 1978-79 मध्ये प्रसिद्ध झाले: आकलन प्रत्यक्ष शिकवण्यात एक टक्क्याहूनही कमी वेळ जात होता. बराचसा वेळ प्रश्न विचारणं, उत्तरं तपासणं आणि स्वाध्याय देणं यात. म्हणजे आपण शिक्षक मंडळी आकलन तपासत आलो, शिकवत फार कमी आलो. पडद्यामुळे ते उघड्यावर आलं इतकंच.

आता आळीपाळीने वाचून घेण्याबद्दल. हे ऑनलाइन तासात लगेच थांबवा. एक मूल म्यूट काढणार, आवाज तुटणार, ‘बाई, ऐकू येतंय का?’, तोवर बाकीची मुलं दुसऱ्या खिडकीत. शिवाय वाचणाऱ्या मुलाचं सगळं लक्ष उच्चार चुकू नयेत याकडे असतं, अर्थाकडे नसतं. त्याऐवजी उताऱ्याचा पहिला भाग तुम्हीच वाचा, आणि वाचताना डोक्यात काय चाललंय ते मोठ्याने बोला. ‘इथे मी अडखळले. “ते” म्हणजे कोण? जरा मागे जाते... हं, मागच्या वाक्यातले मच्छीमार.’ मुलांना आकलन म्हणजे काय ते असंच दिसतं, आणि यासाठी पडदा वर्गापेक्षाही सोयीचा आहे, कारण तुमचा कर्सर नेमका त्या शब्दावर फिरताना प्रत्येकाला दिसतो. पुढचा भाग मुलांनी मूकवाचन करायचं. कॅमेरे बंद, माइक बंद, पूर्ण शांतता. ऑनलाइन तासात शांतता झाली की शिक्षकाला काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. तसं वाटू देऊ नका.

उतारा छोटा घ्या. समोरासमोर तुम्ही दोन पानं घेत असाल तर इथे अडीचशे-तीनशे शब्द पुरेत, आणि त्यात तीन थांबे. प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न. उत्तर सगळ्यांनी लिहायचं: घरच्यांनी चॅटमध्ये, वर्गातल्यांनी पाटीवर किंवा कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात. नियम असा, की चॅटमध्ये लिहून ठेवायचं पण पाठवायचं नाही. तुम्ही ‘पाठवा’ म्हणाल तेव्हा एकदम सगळी उत्तरं येतील आणि त्याच क्षणी वर्गातल्या पाट्या वर होतील. हुशार मुलीचं उत्तर बघून आपलं लिहायची वाट बंद होते, आणि अर्ध्या मिनिटात कोणाची गाडी कुठे अडली ते तुमच्यासमोर येतं.

‘पाठवा’ म्हणायची घाई मात्र करू नका. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात असं आढळलं. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि अनुत्तरित प्रश्न कमी झाले. ते एका खोलीतलं. इथे आवाज पोचायला वेळ, टंकायला वेळ, छोट्या फोनवर मराठी कळफलक उघडायला वेळ. निदान मिनिटभर तरी द्या, आणि त्या मिनिटात तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा सांगू नका.

प्रश्न कसला विचारायचा, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. उदाहरण घेऊ. समजा उताऱ्यात ही दोन वाक्यं आहेत: ‘समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं की प्रवाळ आपल्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. या शैवालाकडूनच त्यांना रंग मिळतो आणि अन्नाचा मोठा वाटाही.’

‘प्रवाळ काय बाहेर टाकतात?’ हा प्रश्न विचारला तर उत्तर उचलायला उताऱ्यात तयार आहे. वाचलं नाही तरी चालतं, ‘बाहेर टाकतात’ एवढे शब्द शोधले की झालं. तुमच्या वहीतल्या नकला इथूनच येतात. मुलं प्रश्नाला योग्य तेवढंच काम करतायत. त्याऐवजी विचारा: ‘दुसऱ्या वाक्यातलं “त्यांना” म्हणजे कोणाला?’ साधा वाटतो, पण हा प्रश्न निम्म्या वर्गाला थांबवतो. मग: ‘पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं आहे, असं लेखक म्हणतोय का? कशावरून?’ लेखक तसं कुठेच म्हणत नाही. अन्नाचा मोठा वाटा गेला, म्हणजे उपासमार सुरू झाली, पाणी लवकर थंड झालं तर जगण्याची आशा आहे, इथपर्यंत मुलाला दोन वाक्यं जोडून यावं लागतं. तिसरा प्रश्न उतारा अर्ध्यावर थांबवून विचारायचा: ‘पुढच्या परिच्छेदात लेखक कशाबद्दल सांगेल?’ याला चुकीचं उत्तर नाही, पण बिनबुडाचं उत्तर लगेच ओळखू येतं.

प्रत्येक उत्तराला एक शेपूट लावायला सांगा: ‘उताऱ्यातल्या कोणत्या शब्दांवरून?’ इतर काही जमलं नाही तरी एवढं कराच.

सफाईदार उत्तरांचं काय? ती पालकांनी लिहिली, मोठ्या भावाने की एखाद्या चॅटबॉटने, हे शोधण्यात तुमची शक्ती घालवू नका. ‘हे यंत्राने लिहिलं’ असं सांगणाऱ्या साधनांच्या भरवशावर मुलावर आळ घेणं तर मुळीच नको. काम बदला. दोन युक्त्या मला खात्रीच्या वाटतात. एक, मार्कमनबाईंची: उताऱ्यात तुम्हीच एक विसंगत वाक्य घुसवा आणि वर्गात, त्याच क्षणी, ‘कोणतं वाक्य इथलं नाही आणि का?’ असं विचारा. मुलांना यात पोलिसी तपासाची मजा येते. दुसरी, लेखी उत्तराऐवजी मिनिटभराचा व्हॉइस मेसेज. ‘हा परिच्छेद तुझ्या धाकट्या बहिणीला सांगायचा असेल तर कसा सांगशील?’ लिहून दिलेलं वाचून दाखवणारं मूल आवाजावरून कळतं, आणि खरंच सांगणारं मूल ‘म्हणजे... ते काय होतं ना...’ करत पुढे सरकतं. ते ‘म्हणजे’ हवंय आपल्याला.

व्हॉइस मेसेजचा आणखी एक उपयोग आहे, त्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. ऑनलाइन मूल म्यूटवर असतं. त्याला अक्षरं-शब्द वाचायलाच जड जातंय की शब्द वाचूनही अर्थ लागत नाहीये, हे तुम्हाला कळायला मार्ग उरत नाही. गॉफ आणि टनमर या दोघा संशोधकांनी 1986 मध्ये एक साधी मांडणी केली होती: वाचून समजणं म्हणजे शब्द वाचता येणं गुणिले ऐकून भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर दुसरं कितीही असो, उत्तर शून्यच. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाकडून दोन छोटे मेसेज मागवा: एकात पाचसहा ओळी मोठ्याने वाचायच्या; दुसऱ्यात, तुम्ही वाचून पाठवलेल्या तेवढ्याच ओळी ऐकून त्यात काय होतं ते सांगायचं. पहिल्यात अडखळणारं पण दुसऱ्यात छान सांगणारं मूल असेल, तर त्याला आकलनाचे प्रश्न वाढवून देऊन काही होणार नाही. त्याला रोज थोडं वाचन आणि कोणीतरी ऐकणारं हवंय. उलट असेल तर शब्दसंग्रह आणि विषयाची ओळख, इकडे जा.

विषयाची ओळख म्हटल्यावर 1988 चा रेक्ट आणि लेस्ली यांचा प्रयोग आठवतो. बेसबॉलच्या सामन्याबद्दलचा उतारा मुलांना वाचायला दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. वर्गात तुम्ही फळ्यावर चटकन चित्र काढून ही ओळख करून देता. घरच्या मुलाला तो फळा धूसर दिसतो. तेव्हा आदल्या दिवशीच एक चित्र किंवा नकाशा आणि चार अवघड शब्द सगळ्यांना पाठवून द्या.

कागद की पडदा? इथे मोठा अभ्यास उपलब्ध आहे. देलगादो आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 54 अभ्यास एकत्र करून पाहिले, सहभागी माणसं 1,70,000 हून जास्त. माहितीपर मजकूर कागदावर वाचला तर जास्त समजतो, आणि वेळेचं बंधन असेल तर हा फरक वाढतो; गोष्टीरूप मजकुरात तसा फरक दिसला नाही. तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. कथा खुशाल पडद्यावर वाचा. माहितीपर पाठ असेल तेव्हा ‘पुस्तक काढा’ म्हणा, ते घरी आहेच. हातात पेन्सिल. पडद्यावर उलटी मोजणी करणारं घड्याळ लावू नका. आणि पानाचा तिरका फोटो काढून पाठवण्यापेक्षा टाइप केलेला मजकूर पाठवा. फोटोतली अक्षरं मोठी करताना फुटतात, आणि ज्या मुलाला दिसत नाही त्याचं स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं साधन) साधा फोटो भरवशाने वाचू शकत नाही.

गटकामाला ब्रेकआउट रूम, म्हणजे ऑनलाइन तासातल्या छोट्या गटांच्या वेगळ्या खोल्या, वापरत असाल तर ‘चर्चा करा’ एवढंच सांगून मुलांना आत ढकलू नका. आत गेल्यावर सगळी एकमेकांची छतं बघत बसतात. पालिंस्कार आणि ब्राऊन यांनी 1984 मध्ये मांडलेली पद्धत इथे चपखल बसते, आणि त्यांनी ती शब्द नीट वाचणाऱ्या पण अर्थ न लागणाऱ्या सातवीच्या मुलांवरच वापरून पाहिली होती. त्यात चार कामं: पुढे काय येईल याचा अंदाज, न कळलेल्या जागा सोडवणं, प्रश्न काढणं, सार सांगणं. चार मुलांचा गट, एकेकाला एकेक काम. पण चारही एकदम सुरू केलीत तर फज्जा उडेल. आधी आठवडाभर सगळ्यांना फक्त प्रश्न काढायला शिकवा, पुढच्या आठवड्यात सार, असं करत करत चौघांची मोट बांधा. खोलीत जास्तीत जास्त सात मिनिटं, आणि परत येताना सगळ्यांना लिहिता येईल अशा सामायिक ऑनलाइन डॉकमध्ये गटाने एक ओळ लिहिलेली असलीच पाहिजे. ती ओळ नसेल तर सात मिनिटं छतं बघण्यात गेली असं समजा. डॉकच्या एकाच पानावर सगळा वर्ग सोडू नका; कोणीतरी कोणाचं तरी पुसतं. गटागणिक वेगळं पान.

वर्गातली आणि घरची मुलं एकाच गटात मिसळावीत का? ऐकायला फार छान वाटतं, प्रत्यक्षात आवाज घुमतो आणि कोणालाच काही ऐकू येत नाही. वर्गातल्या मुलांकडे स्वतःचं उपकरण आणि हेडफोन असतील तरच करा. नाहीतर गट वेगळे ठेवा आणि लिखाण एकत्र. माझं मत विचाराल तर मिश्र वर्गाचा सगळा तोल याच एका गोष्टीवर आहे: सगळ्यांचं काम एकाच जागी उमटलं पाहिजे. तुम्ही फळ्यावर लिहिता तेव्हा वर्ग खोलीत भरतो आणि घरची मुलं पाहुणी होतात. तुम्ही डॉकमध्ये लिहून तो भिंतीवर दाखवलात की दोघांनाही तेच दिसतं. याच्या जोडीला काही सवयी: प्रश्नाचं पहिलं उत्तर नेहमी घरच्या मुलांकडून घ्यायचं, म्हणजे वर्गातली आपोआप थांबतील. वर्गातल्या मुलाचं उत्तर तुम्ही माइकपाशी पुन्हा उच्चारायचं. रोज एका मुलाला चॅटवर लक्ष ठेवायचं काम. त्याने ‘बाई, घरून प्रश्न आलाय’ म्हटलं की तास थांबणार.

ज्या ‘हायफ्लेक्स’ पद्धतीचे गोडवे आपल्याला प्रशिक्षणात ऐकवतात, ती ब्रायन बीटी यांनी सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीत मोठ्या विद्यार्थ्यांसाठी उभी केली होती. कुठून शिकायचं हे विद्यार्थी स्वतः निवडतो, हा तिचा पाया. तुमच्या सातवीतल्या मुलाने काहीच निवडलेलं नाही. तेव्हा ती पद्धत जमत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

कॅमेऱ्याची सक्ती मी करणार नाही. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची चार कारणं मांडली: सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा दिसत राहणं, हालचालीवर बंधन, आणि हावभाव समजून घ्यायला-द्यायला पडणारे जादा कष्ट. वाचनासाठी हवं असलेलं लक्ष यातच खर्च होतं. शिवाय सगळ्यांच्या घरात दाखवण्यासारखी भिंत नसते. वरून विचारणा झाली तर थांब्यांवर आलेली उत्तरं दाखवा. चेहऱ्यापेक्षा तो जास्त भक्कम पुरावा आहे. एक अपवाद: वर्गात कमी ऐकू येणारं मूल असेल तर बोलणाऱ्याचा कॅमेरा चालू हवा, आणि तुमचा तर कायमच.

हे सगळं सोमवारपासून एकदम सुरू करू नका. आधी फक्त तीन थांबे आणि ‘कोणत्या शब्दांवरून?’ एवढंच. मुलांना ‘पाठवा’ची शिस्त अंगवळणी पडायला दोन-तीन आठवडे जातील, पहिल्या दिवशी तर निम्मी आधीच पाठवून मोकळी होतील. गटाची कामं त्यानंतर. व्हॉइस मेसेज सगळ्यांचे एका दिवशी मागवू नका, नाहीतर ऐकता ऐकता रात्र होईल. दिवसाला चार-पाच मुलं पुरे.

राहिलं रेकॉर्डिंग. संपूर्ण तासाचं रोज देऊ नका. नेट गेलं म्हणून ज्याचा तास बुडला, त्याच्याकडे तेवढा डेटा बहुधा नसतोच, आणि असला तरी दुसऱ्यांचं ‘बाई, ऐकू येतंय का’ तो बसून बघणार नाही. त्याऐवजी तुम्ही पहिला परिच्छेद वाचताना जे मोठ्याने बोलता, तेवढाच चार-पाच मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करा. व्हिडिओ नको, फक्त ऑडिओ. सोबत त्या दिवसाचे तीन थांब्यांचे प्रश्न मजकुरात पाठवा आणि एका प्रश्नाचं उत्तर व्हॉइस मेसेजने मागा. ज्याच्या हाती फोन संध्याकाळीच येतो, त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत द्या, आणि हजेरी त्या उत्तरावरून लावा.